रानडुकरी बंदुकीचं शिक्षण

प्रतापराव वडजे आणि ती बंदूक यांची पहिली भेट एकोणीसशे छप्पनच्या उन्हाळ्यात हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या भर बाजारात झाली. त्या भेटीनंतर कित्येक दिवस तिथली भाजी उभ्या उभ्या सुकत होती असं म्हणतात. गावाकडचे थोरले चुलते वारले. त्यांच्यामागे शेत भावांना गेलं, म्हैस बहिणीला गेली आणि बंदूक हैदराबादेत नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या वाट्याला आली. ती सायकलरिक्षातून आली, गोधडीत गुंडाळलेली. पण गोधडी साध्या माणसाच्या मापाची होती आणि बंदूक तशी नव्हती. नळीचं टोक एका बाजूनं बाहेर आलं आणि टांग्याच्या घोड्याच्या नाकाला लागलं. दस्त्याचं टोक दुसऱ्या बाजूनं निघालं आणि मिरची भज्यांच्या कढईला लागलं. घोडा मागे सरला, कढई पुढे सरली, समोरून येणाऱ्या वरातीचा बँड एका सुरावर अडकून गप्प झाला. एका कापडवाल्यानं, पुन्हा पोलीस अ‍ॅक्शन झाली असं समजून, दुकानाची फळी आतून लावली आणि आतच जेवला. चौकातल्या पोलिसानं मात्र खाडकन सलाम ठोकला. एवढं मोठं हत्यार उघड्यावर नेतोय म्हणजे माणूस सरकारीच असणार, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब अगदीच चूक नव्हता. प्रतापराव सरकारीच होते. एका कचेरीच्या नकाशा-शाखेत ते आरेखक होते. जाड भिंगांचा चष्मा, शाईनं निळी झालेली बोटं आणि कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा स्वभाव. नावातला प्रताप त्यांनी नावातच ठेवला होता.

त्या वर्षी शाखेत एकच काम चाललं होतं. हैदराबाद राज्याच्या नकाशाचे तीन तुकडे करायचे. एक तुकडा आंध्राकडे, एक म्हैसूरकडे आणि मराठवाड्याचा मुंबई राज्याकडे. प्रतापराव दिवसभर रेघा ओढत आणि प्रत्येक रेघेआधी पेन्सिलीला नव्यानं टोक करत बसत. कारण नकाशाबरोबर माणसंही वाटली जाणार होती. मराठी कर्मचारी मुंबई राज्यात, म्हणजे बहुतेक औरंगाबादला, पाठवणार अशी बातमी होती.

आणि प्रतापरावांना हैदराबाद सोडायचं नव्हतं. औरंगाबादला ते एकदाच गेले होते, चुलत मेहुण्याच्या लग्नाला. तिथं पंगतीत त्यांनी वाढप्याला सहज म्हटलं, "बस, नक्को भाऊ, हल्लू वाढा." सगळी पंगत हसली. पुढचे दोन दिवस मुलं त्यांच्या मागून "हल्लू, हल्लू" करत फिरली. हैदराबादेत त्यांना कुणी कधी हसलं नव्हतं. इथं सगळेच तसं बोलत. सकाळी सुलतान बाजारात पुस्तकं चाळावीत, इराण्याकडे बशीतून चहा प्यावा, संध्याकाळी शेजारच्या सत्यवतीअम्मांनी भिंतीवरून दिलेली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी भाकरीला लावून खावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं. हे सगळं जाणार म्हणून ते रात्री झोपेत रेघा खोडत.

उपाय त्यांना सापडला तो साहेबांमध्ये.

साहेब म्हणजे केशवराव. कचेरीचे प्रमुख. कुणाला ठेवायचं, कुणाला पाठवायचं यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आता केशवराव हे नाव हैदराबादेत तेलुगू माणसाचंही असतं, मराठी माणसाचंही आणि कानडी माणसाचंही. साहेब शिपायाशी तेलुगूत बोलत, वरिष्ठांशी उर्दूत, प्रतापरावांशी मराठीत आणि फायलीशी इंग्रजीत. तुम्ही मूळचे कुठले, हे विचारणं तोवर हैदराबादेत असभ्यपणाचं मानलं जाई. आता जो तो तेच विचारत होता, पण साहेबांना कोण विचारणार? प्रतापरावांनी मात्र निकाल लावून टाकला होता. एकदा साहेबांचं बोट कपाटाच्या दारात सापडलं तेव्हा ते "अम्मो!" म्हणून ओरडले होते.

"बोट चेंगरलं की माणूस आईच्याच भाषेत ओरडतो," प्रतापरावांनी बायकोला, तारामतीला, समजावलं. "साहेब तेलुगू. म्हणजे साहेब इथंच राहणार. आणि साहेबांच्या मनात भरलेला माणूस, तोही इथंच राहणार."

"भरा मग," तारामती म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

साहेबांच्या मनात भरायचा रस्ता एकच होता. साहेबांना नेमबाजीचं वेड होतं. वेड होतं, नेम नव्हता. दर दसऱ्याला ते गावाबाहेरच्या टेकडीखाली कर्मचाऱ्यांची नेमबाजीची स्पर्धा भरवत आणि दर दसऱ्याला टेकडीचा थोडा थोडा भाग स्वतः कमी करत. पण चांगला नेमबाज दिसला की त्यांचे डोळे भरून येत. गेल्या साली जिंकलेल्या कारकुनाला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली होती.

अडचण एवढीच होती की स्पर्धेत शिकारी बंदुकीला मज्जाव होता. निशाणी, म्हणजे फळ्यावर नेम मारायची, रायफलच लागे. आणि प्रतापरावांची बंदूक आजोबांनी रानडुकरांसाठी घेतलेली होती. रानडुकराला गोळी कुठं लागली हे कुणी पाहत नाही. ती डुकराला लागली, शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला नाही, एवढ्यावर घरात गूळ वाटतात. आजोबांच्या काळात गूळ फारसा वाटला गेला नव्हता.

"तिला शिकवायचं," प्रतापराव म्हणाले. "जंगलातून आणून शहाणी करायची."

शिक्षक मिळाले ते मस्तान मिस्त्री. सुलतान बाजाराच्या एका बोळात ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. बंदुकीशी त्यांचा संबंध विचारला तर ते म्हणत की निजामाच्या फौजेची अर्धी हत्यारं आपल्या हाताखालून गेली. उरलेली अर्धी का गेली नाहीत हे विचारायचं नसे. त्यांनी गोधडी उलगडली, बंदुकीकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"या अल्ला! प्रतापराव, ये बंदूक है कि कुतुबशाही की तोप?"

"मिस्त्री, हिची निशाणी रायफल करायचीय. पोस्टाच्या तिकिटावर गोळी बसली पाहिजे."

"हौ, करतौं ना! मेरी पेटी का सूर कभी बाल बराबर हिला? तो तुम्हारी गोली कैकू हिलेगी?"

काम सुरू झालं.

पहिला नंबर घोड्याचा, म्हणजे चापाचा. हा घोडा इतका ताठ होता की आजोबा म्हणे दोन बोटांनी ओढत आणि दुसरा माणूस त्यांना मागून धरत असे. मस्तान मिस्त्रींनी पेटीच्या सुरांना लागते तसली नाजूक स्प्रिंग बसवली. आता घोडा इतका मऊ झाला की रिकामी बंदूक नुसत्या आवाजानं सुटू लागली. तारामतीनं डब्याचं झाकण लावलं की खट. शेजारी सत्यवतीअम्मा शिंकल्या की खट. एकदा तर प्रतापरावांनी रिकाम्या बंदुकीनं भिंतीवरच्या शाईच्या ठिपक्यावर नेम धरलेला असताना दारात पोस्टमन नुसता उभा राहिला, तरी खट. घरात कुजबुजून बोलायचा नियम झाला.

"अहो," तारामती कुजबुजली, "दूध उतू गेलं."

"कधी?"

"मगाशीच. पण ओरडायचं नाही म्हणालात."

शेवटी मिस्त्रींनी स्प्रिंग जराशी आवळली, तेव्हा घर पुन्हा माणसासारखं बोलू लागलं.

दुसरा नंबर दस्त्याचा. निशाणी रायफलीचा दस्ता गालाला असा चपखल बसावा लागतो की डोकं तसूभर हलता कामा नये. त्यासाठी गालाचं माप हवं. मस्तान मिस्त्रींनी कणकेचा गोळा मागवला. तारामतीनं चपात्यांची कणीक मळून दिली, मिस्त्रींनी ती फळीवर थापली आणि प्रतापरावांचं तोंड तीत दाबलं.

"हिलो नक्को. सांस बाद में लो."

ठसा सुरेख उठला. त्यावरून मिस्त्रींनी शिसवीचा दस्ता कोरला, पॉलिश केलं, आणि सवयीनं एका बाजूला पेटीवर करतात तसली हस्तिदंती वेलबुट्टीही काढली. आठवड्यानं प्रतापरावांनी दस्ता गालाला लावला तर मध्ये एक सुपारी जाईल एवढी पोकळी. मिस्त्री चकित झाले. कणीक पुन्हा पाहिली, दस्ता पुन्हा पाहिला, प्रतापरावांना उलटसुलट पाहिलं. मग तारामतीला आठवलं.

"त्या दिवशी यांच्या तोंडात पान होतं."

होतंच. जेवणानंतरचा कलकत्ता पानाचा विडा उजव्या गालात ठेवून प्रतापरावांनी ठसा दिला होता. शिसवी आता परत येणार नव्हती.

"तो क्या हुआ?" मस्तान मिस्त्री म्हणाले. "पान खा के मारो. दस्ता बराबर है, गाल में नुक्स है."

तेव्हापासून प्रतापराव उजव्या गालात विडा ठेवूनच नेम धरू लागले. विडा चावायचा नाही, थुंकायचा नाही आणि गोळ्या संपेपर्यंत बोलायचं तर मुळीच नाही.

तिसरं काम त्यांनी स्वतः केलं. नळीच्या टोकावर नेम धरायची जी बारीक कणी असते तिला माशी म्हणतात. आजोबांच्या बंदुकीची माशी माशीच्या नाही, भुंग्याच्या मापाची होती. प्रतापरावांनी ती कापून काढली. स्वतःच्या कंपासातली पितळेची बारीक सळई वाकवली, तिचं एक नाजूक कडं केलं आणि ते नळीच्या टोकाला झाळून घेतलं. मागे डोळ्याजवळ सुईच्या भोकाची चकती बसवली. भोकातून पाहायचं, कड्याच्या बरोबर मधोमध निशाणाचा काळा ठिपका आणायचा. आरेखकाच्या सगळ्या आयुष्याचं गणित त्या कड्यात उतरलं होतं. ते रोज त्यावर फुंकर घालत, पण दुरूनच.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात चाचणी झाली. टेकडीखाली ते पालथे पडले, विडा गालात गेला, आणि पाच गोळ्या निशाणावर गेल्या. निशाणाचा फळा आणून पाहिला तर पाचही भोकं एका चांदीच्या रुपयाखाली झाकली जात होती.

मस्तान मिस्त्रींनी फळ्याला हात लावून डोळ्याला लावला. "देखा? पेटी बनानेवाले का हाथ है!"

प्रतापराव त्या संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या रस्त्यानं मधोमध चालत घरी आले. कुत्रं भुंकलं, तरी त्यांनी रस्ता बदलला नाही.

दसऱ्याच्या आदला दिवस खंडेनवमीचा. शेतकऱ्याचं घर म्हटलं की त्या दिवशी विळे, कोयते, नांगराचा फाळ आणि घरात असेल ते हत्यार पाटावर मांडून पूजा करायची. प्रतापरावांच्या घरात आता फाळ नव्हता. एक विळी, एक अडकित्ता आणि कंपासपेटी. पण या वर्षी बंदूक होती, आणि सासरच्या बंदुकीची पूजा राहिली तर लोक काय म्हणतील, असा तारामतीचा प्रश्न होता.

"दुरून कर पूजा," प्रतापराव म्हणाले.

"दुरून कशी करतात? कुंकू फेकून मारू?"

"दस्त्याला लाव कुंकू. नळीला हात नको. चकतीला नको. आणि पुढच्या त्या कड्याकडे तर बघूसुद्धा नको."

"तुम्ही विडे घेऊन या उद्याचे. आणि आपट्याची पानं."

प्रतापराव गेले. तारामतीनं शब्द पाळला. कुंकू दस्त्यालाच लावलं, अक्षता दस्त्यावरच वाहिल्या. राहिला हार. ओल्या झेंडूंचा, मध्ये आंब्याची पानं ओवलेला, चांगला घसघशीत हार होता. दस्त्यावर ठेवला की पॉलिशवरून घसरायचा. तीनदा ठेवला, तीनदा घसरला. मदतीला आलेल्या सत्यवतीअम्मा म्हणाल्या, "अक्का, पुढे आकडा हाय की. बघा."

तारामतीनं पाहिलं. नळीच्या अगदी टोकाला, हार अडकवण्यासाठीच केल्यासारखं, इवलंसं पितळी कडं.

"बाई! किती सोय केलीय मिस्त्रींनी," ती म्हणाली आणि तिनं हार त्यात अडकवला.

हार रात्रभर तिथं लोंबला. सकाळी तिनं तो निर्माल्यात काढला, कडं पदरानं पुसलं आणि बंदूक गोधडीत घालून नवऱ्याच्या हाती दिली. कडं जागच्या जागी होतं. नुसतं बघणाऱ्याला ते सरळच दिसलं असतं.

दसऱ्याची स्पर्धा. टेकडीखाली निशाणाचे फळे ओळीनं उभे केलेले. प्रतापरावांची जागा अगदी साहेबांच्या शेजारी आली. ते त्यांना शुभ वाटलं. साहेब खाकी हॅट घालून पालथे पडले होते.

"काय प्रतापराव, आज दाखवा आम्हाला!"

प्रतापरावांनी नुसती मान डोलावली. विडा गालात गेला होता.

दहा गोळ्या मारायच्या होत्या. प्रतापरावांनी श्वास आवरला, भोकातून कड्यात पाहिलं, काळा ठिपका बरोबर मधोमध आणला आणि पहिली गोळी सोडली. मग दुसरी. प्रत्येक गोळीगणिक त्यांना आपण चिक्कडपल्लीत खुंटीसारखे ठोकले जात असल्याचा भास होत होता. शेजारी साहेबही धडाधड बार काढत होते आणि टेकडीवरून माती ओघळत होती.

बार थांबले. फळे आणले गेले.

प्रतापरावांचा फळा कोरा होता. एकही भोक नाही. तो तसाच्या तसा पुढच्या वर्षी वापरता आला असता.

साहेबांच्या फळ्यावर मधोमध दहा भोकं होती, अशी जवळ जवळ की वरून एक पेढा ठेवला तर सगळी झाकावीत.

मैदानात एकच टाळी झाली. साहेब जिंकले! पंचांनी हार घातला, कुणी शिट्टी वाजवली. पण साहेब हसत नव्हते. ते एकदा आपल्या फळ्याकडे पाहत होते, एकदा टेकडीला पडलेल्या ताज्या खड्ड्यांकडे. माणूस नेमाचा कच्चा होता, अकलेचा नव्हता. आपल्या गोळ्या कुठं गेल्या ते त्यांना टेकडी सांगत होती. मग फळ्यातल्या कुणाच्या?

प्रतापरावांनाही तोवर कळलं होतं. त्यांनी बोटानं कडं चाचपलं. ते केसभर कललं होतं आणि त्याच्या सांध्यात झेंडूची एक पाकळी अडकली होती. साहेबांना सांगितलं पाहिजे, चूक झाली, पुन्हा मारू द्या. ते उठले, बोलायला गेले आणि विडा घशाशी आला. थुंकावा तर समोर साहेब, साहेबांच्या पायाशी हिरवळ, आणि दसऱ्याचा दिवस.

"उं," ते म्हणाले. "उं उं."

"बोलू नका," साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी प्रतापरावांना बाजूला झाडाखाली नेलं. "मला सगळं कळलं. हातात असा नेम, आणि दहाच्या दहा गोळ्या माझ्या फळ्यावर मारल्यात. स्वतःचा फळा कोरा ठेवलात. वर मिजास नाही, बोलणं नाही. आजकाल अशी माणसं कुठं मिळतात हो?"

प्रतापरावांनी जोरानं मान हलवली.

"नाही म्हणू नका. हा तुमचा विनय मला ठाऊक झाला. तुमच्यासाठी मी काहीतरी करणारच. आजच वर कळवतो."

प्रतापरावांचं डोकं जागच्या जागी थांबलं. साहेब काहीतरी करणार! म्हणजे कोरा फळा फळाला आला. रस्ता वाकडा होता, पण मुक्काम तोच. त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, त्यात थोडा विड्यातल्या तंबाखूचाही हात होता.

"खरं म्हणजे तुम्हाला इथंच ठेवायचं ठरलं होतं," साहेब म्हणाले. "नकाशा-शाखेला जुना माणूस हवा म्हणत होते. पण आता मी ऐकणार नाही. तुम्हाला मी माझ्याबरोबर औरंगाबादला नेणार."

प्रतापरावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"माझ्याबरोबर म्हणजे काय, विचाराल. अहो, मी बिलोलीकडचा, मराठवाड्याच्या पार टोकाचा. घरात मराठी, दारात तेलुगू. लहानपणी सांभाळायला जयवंता नावाची तेलंगीण होती, तिच्याच कडेवर वाढलो. अजून दचकलो की 'अम्मो' निघतं तोंडातून! पण माणूस अस्सल आपल्यातला. चला, आता आपल्या मुलखात जाऊ."

प्रतापरावांनी विडा गिळला. सबंध, कात-चुना-तंबाखूसकट. आता तोंड मोकळं झालं होतं, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हल्लू साहेब," त्यांच्या तोंडून एवढंच आलं आणि ते झाडाला धरून खाली बसले.

संध्याकाळी घरी तारामती ओवाळायला ताट घेऊन उभी होती. भिंतीपलीकडून सत्यवतीअम्मा डोकावत होत्या.

"जिंकलात?"

"साहेब जिंकले."

"आणि आपलं?"

"आपलं औरंगाबाद."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिनं कापूर विझायच्या आत ओवाळून घेतलं, कारण ताट परत नेणं बरं दिसत नाही. "पण असं झालं तरी कसं?" असं तिनं विचारलं, आणि प्रतापरावांनी खिशातून ती पाकळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. सत्यवतीअम्मा भिंतीपलीकडे गुपचूप खाली बसल्या. त्या रात्री त्यांनी गोंगुऱ्याच्या चटणीची सबंध बरणी पाठवून दिली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रतापराव औरंगाबादच्या कचेरीत रुजू झाले. केशवरावांची सहा महिन्यांतच पुण्याला बदली झाली. प्रतापराव औरंगाबादेतूनच निवृत्त झाले.